गणंग

परभणी, मे महिना. पुस्तकातलं ‘खोलीचं तापमान’ पंचवीस,
आमच्या खोलीचं एक्केचाळीस.
बर्फ आणते मी रसवंतीवाल्याकडून.

वीस ग्रॅम हरभरा. दर अर्ध्या तासाला
उपसायचा, टिपायचा, तोलायचा.
पहिल्या तासात दाणा अधाशासारखा पितो,
मग आलेख वाकतो
पंगतीत पोट भरत आलेल्याच्या हातासारखा,
सावकाश.

दोन स्थिरांक निघाले:
एक सुरुवातीच्या घाईचा,
दुसरा पुरे म्हणण्याचा.
समीकरण बसलं. हजारात नऊशे सत्त्याण्णव.

फक्त सातव्या चंचुपात्रात एक दाणा
सकाळी टाकला तसाच.
काचेवर सोडला तर टक् वाजला.
सर म्हणाले, काढ तो, डाटा बिघडतो.
काचसामान धुणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या,
गणंग हाय त्यो. घरटी एक असतोच.
माझ्या नणंदेला बघा की.

काढला. तक्त्यात एकशे तीनचे एकशे दोन केले.
दाणा एप्रनच्या खिशात राहिला.

रविवारी एप्रन बादलीत बुडवला,
दगडावर आपटला, पुन्हा बुडवला, विसरले.
सोमवारी खिसा उलटा केला तर
टम्म फुगलेला, साल तडकलेली,
टोकाला पांढरं काहीतरी.

पाण्याचं तापमान मोजलेलं नाही.
वेळेची नोंद नाही.