फुली

कोलम ड्रीनन या नावाने तो बोटीत चढला,
एवढं नक्की.
एप्रिल १८८३, गॅलवेचा धक्का,
वय बावीस, धंदा मजुरी, सामान एक पेटी.
बॉस्टनला उतरलेल्यांच्या यादीत ड्रीनन नाही,
वाटेत मेलेल्यांच्या यादीतही नाही.
दोन्ही याद्या मी भिंग लावून वाचल्या,
सगळा हिवाळा,
दाढदुखी अंगावर काढत.

आमचं आडनाव थॉर्नटन.
ब्यूट गावात विचारतात,
खाणीतले थॉर्नटन की बेकरीतले?
आम्ही खाणीतले. तांबं काढणारे, खोकणारे.
बाबा म्हणायचे, आपण थॉर्नटनच, पहिल्यापासून.
पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, असं विचारलं
की ते उठून स्टोव्हमधली राख उकरू लागत.

कॉनेमारात मला मार्टिन ड्रीनन भेटला.
एक्याऐंशी वर्षांचा, गमबूट घातलेला.
दगडी बांधावरच्या झुडपाकडे बोट करून म्हणाला,
'ड्रायन. हेच आमचं नाव.
याला आधी पांढरी फुलं येतात,
पानं सवडीने.'
इंग्रजीत काट्याला म्हणतात थॉर्न.
म्हणजे कुणा कारकुनाने
अख्खं झुडूप उचलून वहीत नेलं असणार
आणि नेताना फुलं गळून पडली असणार.
मला हे इतकं पटलं
की मी तिथेच, वाऱ्यात, वहीत लिहून टाकलं:
दोष कारकुनाचा.

दुसऱ्या दिवशी क्लिफडनच्या कचेरीत
विवाहनोंदणीचं पान निघालं.
फेब्रुवारी १८८२.
कोलम ड्रीनन, बारबरा मॅनियन.
सही येत नव्हती, म्हणून फुली.

ही फुली मी ओळखते.
डावी रेघ लांब, उजवी आखूड,
आणि उजवीच्या टोकाला आकडा,
गळाला असतो तसा.
ब्यूटच्या खाणीच्या पगारवहीत
दर शनिवारी हीच फुली आहे,
थॉर्नटन या नावापुढे, एकोणीस वर्षं.
माणूस नाव बदलतो, देश बदलतो,
गळ्यातला क्रूससुद्धा विकतो एखादा.
फुली कशी काढायची
हे मात्र हाताला एकदाच शिकवलेलं असतं.

आणि माझी पणजी हॅना स्पिलेन,
जिचा लग्नातला फोटो आमच्या जिन्यात आहे,
तिचं लग्न १८८९चं.

१९०१च्या शिरगणतीत
बारबराने स्वतःपुढे लिहून घेतलंय: विधवा.
घरात एक मुलगा, वय सतरा.
ती गणती झाली तो आठवडा मी पगारवहीत काढला.
त्या आठवड्यात मयताने
सहा पाळ्या भरल्या होत्या,
आणि कंदिलाची काच फोडली म्हणून
दंड दिला होता वीस सेंट.

तिला ठाऊक होतं का?
की ठाऊक होतं म्हणूनच तिने त्याला मारला,
शाईने, नीट, एका शब्दात,
आणि मग जाऊन बटाटे उकडले?
कागद इथे गप्प बसतो.
कारकुनाचा दोष मी खोडला.
मग खोडलेलं पुन्हा गिरवलं.
मग ते पानच फाडलं.

मार्टिन त्या सतरा वर्षांच्या पोराचा नातू.
संध्याकाळी त्याने विचारलं,
'मग? तोच का तो?'
मी म्हणाले, काय सांगावं,
फुल्या सगळ्या सारख्याच दिसतात.
तो हं म्हणाला.
त्याने किटली खाली ठेवली,
माझ्या कपातला चहा ढवळू लागला,
डाव्या हाताने.
मी माझा चमचा
हळूच उजव्या हातात घेतला.
साखर नको म्हणाले होते,
तरी त्याने दोन चमचे घातली होती.