टिकटिक थांबते तेव्हा

एस्पोत बाहेर उणे बावीस,
आणि तळघरातल्या सोनेरी नळकांड्यात
त्याहून कितीतरी थंड.
आउलिक्की म्हणते,
इथून बाहेर पडलं की उकडतं.

पुस्तकात शिकलो होतो:
अणू उडी मारतो. इथून नाहीसा, तिथे हजर.
मधे जिना नाही, पायरी नाही,
विचारायचंही नाही.

ती विचारत बसली, सात हिवाळे.
हातांनी घडवलेला अणू, त्यावर पहारा,
यंत्र टिकटिकतं: आहे, आहे, आहे.
उडी कधी, हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.
पण निघायच्या जरा आधी
टिकटिक थांबते.
तेवढ्या गप्पपणात तो
कललेला असतो, गेलेला नसतो;
आणि एकदा कलला की वाट दर वेळी तीच,
एकही टाका न तुटलेली.

काल मध्यरात्री तिने त्याला अर्ध्यात गाठलं.
एक नेमका धक्का, उलट्या दिशेचा.
परतला.
पडद्यावरची रेघ खाली आली
लाजल्यासारखी.
टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं,
फक्त पंपाची घरघर.

कॉफी ओतताना हात थबकला.
वेय्यो. धाकटा. तिकडे कुओपिओला.
दर रविवारी फोन, गोठलेल्या तळ्यावरून:
मासे किती, बर्फ किती वीत जाड.
तीन रविवार
काही नाही.
तिला वाटलं होतं, मजेत असेल.

पहाटेचे चार. नंबर लावला.
वाजतोय.
अर्ध्यात अस, वेड्या,
अजून अर्ध्यातच अस.
वाजतोय.