खुर्चीचा स्वेटर

पाटो, तिसरा मजला, नोंदणी विभाग.
बाहेर वैशाख. पुलावरून चालत येताना
ब्लाऊज पाठीला चिकटलेला,
आणि आत अठरा.
रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये.
साहेब सूट घालतात, त्यांचा काय दोष.

माझ्या खुर्चीला एक स्वेटर आहे.
माझा नव्हे, खुर्चीचा.
आर्मिंदा निवृत्त झाली तेव्हा
कात्री, शिक्के, पंचिंग मशीन यांच्याबरोबर
ताब्यात मिळालेला, यादीत नसलेला.
विटकरी लोकर, कोपराशी विरळ.
उजव्या खिशात अजून तिची खोकल्याची गोळी.

गोव्यात कोण विणतं लोकर?
तिची बहीण लिस्बनहून पाठवायची, म्हणे,
तिथल्या थंडीच्या मापानं.
बाह्या माझ्या बोटांपर्यंत येतात,
टाईप करताना दोनदा दुमडते.

आज साडेबाराला वीज गेली.
थोडा वेळ कुणी हललंच नाही.
मग कुष्टानं गंजलेली कडी ठोकून ठोकून खिडकी उघडली,
मांडवी आत आली, खारट, डिझेलसकट.
साहेबांनी टाय सैल केला,
मग कोट काढला,
आणि कोटाखाली
अर्ध्या बाह्यांचा, बगलेत उसवलेला शर्ट.
आम्ही सगळ्यांनी फायलींत पाहिलं.

वीज आली. कोट चढला.
रिमोट मात्र टेबलावरच राहिला.
"चोवीस करूं?" कुष्टा हळूच म्हणाला,
कुणाला ते कळलं नाही.
साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "कर."

चोवीसवर स्वेटर टोचतो.
काढला, घडी केली,
पण खुर्ची उघडी दिसायला लागली
म्हणून पुन्हा घातला,
तिला.