वहीची मागची बाजू

तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून साडेतीनशेला आणलेलं कार्ड,
पंख्यात कुणाच्या तरी घरची लोकर अडकलेली.
कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस. रात्रीचे पावणेदोन.
पडदा काळा.

कंपनीचं ऑफिस महापेला, रिक्षाने पंधरा मिनिटं.
तिथल्या कपाटात लिहून ठेवलंय
कुठल्या कप्प्यात कुठला आकडा टाकला की ही चिप जागी होते.
दोनदा मागितलं. उत्तर आलं: गोपनीय.

मग एकेक दार ठोठावायचं.
चारशे अठ्ठावीस: काही नाही.
चारशे बत्तीस: पंखा किंचाळला.
चारशे छत्तीस: मशीन मेलं. चहा.
अकरा आठवडे, मुलाच्या वहीत, मागून.
पुढून त्याचा भूगोल येतोय.

परवा डाव्या कोपऱ्यात
मेथीच्या पानाएवढा हिरवा ठिपका.
ओरडले नाही, घर झोपलेलं.
काल ठिपक्याची रेघ झाली, रेघेची खिडकी.
कोड सगळ्यांसाठी टाकला आणि आडवी झाले.

सकाळी कळव्याहून वझरकरांचा फोन:
"कालपर्यंत माझा पडदा चालत होता हो, बाई."
कार्ड तेच, खोकं तेच, नावही तेच.
आतली चिप निराळी. कंपनीने कुणाला न सांगता बदललेली.

पोळी तव्यावर. फोन खांद्यात धरला.
"दुसऱ्या मशीनवरून आत शिरा. वही आहे?"
"दूधवाल्याच्या हिशोबाची आहे."
"चालेल. मागून उघडा. चारशे अठ्ठावीस."

पलीकडे बराच वेळ नुसती घरघर.
"काही नाही," म्हणाले.

"लिहा," म्हटलं,
"काही नाही."