खूणगाठ

माँट्रोझच्या नगरसभागृहाखाली, तळघरात,
खोका क्रमांक एकतीस : कॅप्टन ड्रायबरो, गौरवपत्रे.
फीत सोडली की आधी वास येतो
ओल्या लोकरीचा, जुन्या सरसाचा.

गंजलेल्या टाचण्या काढणं एवढंच माझं काम,
वाचणं नव्हे.
वाचते.

बिशपच्या बायकोला त्याच्यात संत दिसला होता.
आरब्रोथच्या शाळेतल्या मुलींनी
पुतळ्यासाठी सव्वीस पेन्स पाठवले,
खाली प्रत्येकीची सही, एकीची शाई सांडलेली.
बूट शिवणारा मॅकफी लिहितो :
एवढे तळवे झिजवणारं गिऱ्हाईक पुन्हा होणे नाही.
ता. क. दोन जोड्यांचे पैसे अजून यायचे आहेत.

मग एकशे सत्त्याऐंशीवं. झांझिबारहून.
आमच्या यादीत ‘संकीर्ण’.
अक्षर कुणा कारकुनाचं, वळणदार,
खाली अंगठा. सांगणारा फरजल्ला, हमाल.

‘साहेब भला होता. चालताना पावलं मोजायचा,
ओठ हलवत. हजार झाली की वहीत एक रेघ.
पुढे ताप चढला, झोळीत घालून नेला त्याला.
तरी विचारायचा, किती झाली?
म्हणून मी मोजू लागलो.
मला शंभरापर्यंतच येत होतं.
शंभर झाले की दोरीला गाठ.
असे एकोणीस दिवस.
रात्री तो दोरी चाचपायचा, अंधारातच, गाठ न् गाठ,
आणि मग कंदील मागायचा.
माझं पाऊल त्याच्याहून आखूड.
हे मी त्याला बोललो नाही,
आजारी माणसाला कशाला दुखवा.
पुतळा उभारणार आहात असं कळलं. उभारा.
पण ते तळं तुमच्या नकाशात आहे
त्याहून जरा अलीकडे आहे.’

पाठीमागे समितीच्या सचिवाची पेन्सिल :
उत्तराची गरज नाही.

टाचणी निघाली. कागदावर तिचा
तांबूस डाग राहिला, तो काही निघत नाही.

पाच वाजता कुलूप लावून बाहेर पडले.
समुद्राकडून धुकं चढत होतं,
बंदरावर कॅप्टन नेहमीसारखा उभा,
बोट आग्नेयेला, बोटावर सीगल.
त्याच्या चौथऱ्यापासून मी मोजत निघाले, उगीच.
बेकरीपाशी श्रीमती ऑखटरलोनींनी हटकलं,
गुडघा कसा आहे, वगैरे.
घराच्या पायरीशी सहाशे बारा.
की तेरा.
खिशात सुतळी नव्हती,
आणि माझंही पाऊल आखूडच.