वाढ

सोहारच्या मेसमध्ये कुंजुमोन
माझ्याकडून एकच मराठी शब्द शिकला: वाढ.
ताट पुढे करतो, म्हणतो, वाढ.
मी भात वाढतो.

औंदा पंधरा रियाल पगारवाढ.
खोलीचं भाडंही वाढलं, वीस.
लेकाची विजार दोन बोटं आखूड झाली
ते व्हिडिओत दिसलं नाही,
कुमुदने सांगितलं.

आणि काल, भांडी घासताना
तिची हिरवी बांगडी वाढली.
कुंजुमोनने कान टवकारले: किती वाढली?

फुटली रे.
आमच्यात बांगडीला फुटली म्हणत नाहीत.

तो बराच वेळ डाळ कालवत राहिला.
मग खिडकीतल्या तुपाच्या डब्याकडे बघून,
वाळून काटकी झालेला त्याचा कढीपत्ता,
म्हणाला, हा पण
वाढला?