आधी देठ

फेब्रुवारीभर मी निमाणीवरून सहा दहाची बस धरत होते.
दिंडोरी रस्त्यावरचं पॅकहाऊस, आत बाहेरच्याहून जास्त थंडी,
अंगात स्वेटर, डोक्याला जाळी,
हातात वही, आणि वहीभर एकच चिन्ह:
टोक डावीकडे असलेला कोन, म्हणजे 'याहून ते बरं'.

मालकांच्या मुलाने, पीयूषने, कॅमेरा मागवला होता.
कॅमेऱ्याला आकडा लागतो.
"कौतिकबाईंच्या डोळ्यात आहे तो, काढून दे,"
म्हणाला, जसं काही कुसळ काढायचं आहे.

मी दोन घड उचलायचे. ती एकाकडे बोट करायची.
कधी म्हणाली नाही की यांची तुलनाच होत नाही,
कधी गोल फिरली नाही:
सकाळी जो वर, तो दुपारी
तिसऱ्याच्या वाटेने खाली आला नाही.
इतकं नीट वागणं मी पाठ्यपुस्तकाबाहेर
कुणाचं पाहिलं नव्हतं. माझं तर नाहीच.

आता फक्त सातत्य उरलं होतं.
म्हणजे असं, की मणी केसभर बदलला
तर मन केसभरच बदलावं,
मध्ये कुठे पायरी नको, कडा नको.
तेवढं जमलं की द्राक्षांच्या अख्ख्या दुनियेखाली
एक न तुटलेली रेघ अंथरता येते,
ज्याची त्याची उंची ज्याला त्याला.
प्रमेय आहे तसं. हिरावाडीतल्या खोलीत
ओल्या टॉवेलखाली बसून मी ते पुन्हा वाचलं.

एकोणिसाव्या दिवशी विचारलं:
देठ जरा सुकलेला पण साखर बावीस,
की देठ त्याहून थोडा हिरवा पण साखर सोळा?
"हिरवा."
अगदी थोडाच हिरवा असला तर?
"पण त्याच्याहून हिरवाच ना?"
नखभर. नखाच्या दहाव्या भागाइतका.
"हिरवा म्हटलं ना, पोरी. आधी देठ.
देठाला देठ सारखा निघाला, तर मग गोडी."

मी फरक पातळ करत गेले, ती ढळली नाही.
आणि फरक संपला, देठ देठासारखा झाला,
तेव्हा बोट एकदम दुसऱ्या घडाकडे.

शब्दकोशात असंच असतं.
'क' संपल्याशिवाय 'ख' सुरू होत नाही,
'क'च्या पोटात कितीही शब्द असोत.

परतीच्या बसमध्ये मांडून पाहिलं:
देठाच्या प्रत्येक छटेला रेघेवर वेगळी खोली हवी,
आतल्या साऱ्या गोडीसकट, फिक्यापासून थेट मधापर्यंत.
प्रत्येक खोलीत निदान एक अपूर्णांक राहायला येणार.
अपूर्णांक रांगेत उभे करून मोजता येतात,
पहिला, दुसरा, तिसरा, कुणी सुटत नाही.
हिरव्याच्या छटा तशा रांगेत मावत नाहीत.
खोल्या जास्त, भाडेकरू कमी.
म्हणजे अशी रेघ नाहीच.
कुठलीच. तुटकीसुद्धा.
दिंडोरी नाक्यावर उतरायचं राहूनच गेलं.

पीयूष हसला. "क्रेटमध्ये घड किती? चाळीस?
प्रत्येकाच्या खाली किती ते मोज. झाला आकडा."
बरोबर होतं त्याचं.
चाळिसांना आकडा मिळतो, चाळीस हजारांनाही.
कॅमेरा बसला, मार्चमध्ये कंटेनर गेला,
नेदरलँड्सहून तक्रार आली नाही.
जे मावत नव्हतं ते क्रेटमध्ये कधी आलंच नव्हतं,
ते तिच्या एका 'मग'मध्ये होतं.

मी सांगायला गेले: तुमचा आकडा निघत नाही, बाई.
"अन् पगार?"
तो निघतो, म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत ती पायरीवर बसलेली,
ओच्यात गळालेले मणी,
ज्यांना देठच नाही.
न बघता एकेक तोंडात टाकत होती.
मलाही मूठ पुढे केली.
आणि मी, सवयीने,
त्यातला बरा कुठला ते बघत राहिले.